पाण्यातल्या देवांचा कौल

करवंदवाडीच्या शाळेत मी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते नव्वदच्या सुमारास, भर पावसाळ्यात, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात नेमणुकीचा कागद घेऊन. घोटीहून निघालेल्या एसटीने मला फाट्यावर सोडले होते, आणि फाट्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता तेव्हा फक्त सरकारदरबारी होता. मी पंचवटीत वाढलेली मुलगी. चिखल पाहिलेला होता, पण तो पायाचा घोटा धरून मागे ओढतो हे ठाऊक नव्हते. शाळेच्या पडवीत धोतर-टोपीतले एक उंच गृहस्थ उभे होते. त्यांनी मला नाव विचारले नाही की गाव विचारले नाही. म्हणाले, "बाई, आधी पाय धुवा, मग आत येऊन भिंत बघा."

भिंत पाहिली आणि मी हबकलेच. आतल्या अख्ख्या भिंतीवर एक गाव रंगवलेले होते. नदी, नदीकाठची खळी, पाणवठा, चिंच, घरे, आणि प्रत्येक घरावर मालकाचे नाव. नदीजवळ एक लहानसे लाल वर्तुळ. मी म्हणाले, "छान आहे हो तुमची वाडी. पण मला येताना नदी कुठे दिसली नाही." गुरुजी म्हणाले, "तुम्ही ज्या धरणाच्या काठाकाठाने आलात ना, त्याच्या तळाशी आहे ती. ही घरंही तिथंच आहेत." म्हणजे मी ज्या पाण्याकडे बघत, स्वतःशी गाणे म्हणत आले होते, त्याच्याखाली एक गाव होते. मी ओल्या पायांनी तिथेच बाकावर बसले. सोमनाथ गुरुजींची आणि माझी पहिली ओळख ही अशी.

त्या गुरुजींचा आज अमृतमहोत्सव आहे. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख जूनची पहिली आहे, म्हणजे खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही. पण पंच्याहत्तरी झाली असावी यावर गावाचे एकमत आहे. गौरवग्रंथाची कल्पना घेऊन समितीचे लोक त्यांच्याकडे गेले तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. मग एका अटीवर तयार झाले. अट अशी, की वाघदेवाची खरी हकीकत या पुस्तकात छापून आली पाहिजे, आणि ती बाईंनीच लिहिली पाहिजे. समितीने मला विचारले. मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मी वाद न घालता हो म्हणाले. स्वतःच्या सत्काराच्या पुस्तकात स्वतःचे असे प्रकरण छापा म्हणून हट्ट धरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. ज्यांना ते प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सगळे पहिल्यापासून सांगते.

करवंदवाडी हे काही मोठे गाव नाही. डोंगराच्या कुशीत दोन आळ्यांची वस्ती, भाताची खाचरे, वरच्या अंगाला नागली आणि वरई. भात निघाले की निम्मी वाडी दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जाते. अशा वस्तीला कसला आलाय इतिहास, असे मला पहिल्या आठवड्यात वाटले होते, आणि मी ते बोलूनही दाखवले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला सोबत घेऊन वाडीतून एक चक्कर मारली. कोणत्या घराण्याने पहिले खाचर बांधले, कोणाची सून पाण्यासाठी भांडून विहीर खणून बसली, कोणता डोंगर कोणाच्या म्हशीमुळे ओळखला जातो, हे सगळे ते सांगत चालले होते. हे त्यांनी म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून गोळा केले होते, आणि गाव बुडाल्यावर आठवून आठवून भिंतीवर काढले होते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते स्वतः ब्रश घेऊन त्या भिंतीवर नवा हात द्यायचे. मुलांना पाढ्यांआधी बुडालेल्या गावातली घरे पाठ व्हायची.

इतिहासाच्या बाबतीत त्यांचा एक खाक्या होता. कोणीही काही सांगितले की ते विचारायचे, "कोणी पाहिलं?" वरच्या आळीतल्या एका घराण्यात अशी आख्यायिका होती की त्यांच्या पणजोबांनी वाघाला नुसत्या हातांनी लोळवले. गुरुजींनी कोणी पाहिले, कोणी पाहिले करत शेजारच्या वाडीतला एक शंभरीतला म्हातारा गाठला. त्याच्या वडिलांनी पाहिले होते. पणजोबा झाडावर होते आणि वाघ खाली निवांत बसला होता, सकाळी कंटाळून निघून गेला. गुरुजींनी ते जसेच्या तसे वर्गात सांगितले. त्या घराने त्यांच्याशी बोलणे टाकले, पार शिमग्यापर्यंत. मी म्हणाले, "गुरुजी, कशाला उगाच? वाघ मेला काय आणि गेला काय." तर म्हणाले, "बाई, गाव बुडालं. आता गोष्टीच उरल्या. त्यातही पाणी घातलं तर राहिलं काय?" हे वाक्य मी कितीतरी ठिकाणी भाषणात वापरले आहे. पुढे काय कळणार आहे हे ठाऊक असते तर वापरले असते की नाही, सांगता येत नाही.

त्यांचा चांगुलपणा सांगायचा तर मला वेगळे प्रसंग शोधावे लागत नाहीत. मंडळी द्राक्षाला गेली की मुलांची शाळा सुटायची. गुरुजी एकेका घरी जाऊन सांगायचे, तुम्ही जा, पोरगं माझ्याकडे ठेवा. त्यांच्या ओटीवर रांगेने वाकळा पडायच्या आणि हौसाकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, सकाळी परातभर भाकऱ्या थापायच्या. पहिल्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला तेव्हा मीही त्याच ओटीवर मुक्काम ठोकला होता. गुरुजींनी स्वतःची घोंगडी मला दिली आणि आपण पोत्यावर निजले. मी नको म्हणत राहिले, तर म्हणाले, "तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्या बाई यायला दोन वर्षं लागतील. मी पडलो तर कोणाला काही फरक पडत नाही." असे ते बोलायचे, म्हणून त्यांच्यावर फार वेळ रागावता यायचे नाही.

त्या मुक्कामात माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. काकूंच्या स्वयंपाकघरात वरवंटा होता, पण पाटा नव्हता. चांगला घडीव, काळा वरवंटा चुलीशेजारी एकटाच उभा. वाटण करायला काकू तो पदराखाली धरून शेजारी जायच्या. गावात कोणाचे बारसे असले की तोच वरवंटा मागून न्यायचे, त्याला कुंची घालायचे, पाळण्याखालून इकडून तिकडे द्यायचे आणि परत आणून ठेवायचे. मी काकूंना विचारले, "पाट्याशिवाय वरवंटा कसा हो?" काकूंनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजी म्हणाले, "गाव हललं तेव्हा गेला तो. आईचा होता." मी म्हटले, घोटीच्या बाजारात नवा मिळेल. त्यावर ते उठून ओटीवर गेले. मला वाटले, चिक्कूपणा.

आता वाघदेवाची गोष्ट, जशी ती मला वाडीत आल्यापासून सगळ्यांनी सांगितली. धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली, तरी जुनी वाडी जागची हलेना. कारण देव. नदीकाठी शेंदराने माखलेला वाघदेव होता, आणि देव जिथे तिथे गाव, असा म्हाताऱ्यांचा हट्ट होता. वर येता का, असे देवाला विचारण्याचा मान कोंडाजी भगतांच्या घराकडे. कौल लावायचा म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाले, डावी पडली तर नाही. भगतांनी कौल लावला, डावी पडली. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिकडे पाणी खळ्यांना लागले. मग एके दिवशी दुपारी देवच पाण्याखाली गेले, आणि सगळी वाडी काठावर बसून रडू लागली की देव बुडाले, आता आपणही इथेच बुडायचे. तेवढ्यात तरुण सोमनाथ गुरुजी डोंगरावरून ओरडत खाली आले, की देव वर येऊन बसलेत. लोक धावत वर गेले. उंबराखाली देव उभे होते. कोणी म्हणाले, जरा बारीक दिसतात. दुसरे म्हणाले, एवढा चढ चढल्यावर कोणीही बारीक होईल. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी पोराढोरांसह वर आली. त्या रात्री जुने गाव पाण्याखाली गेले.

मला ही गोष्ट इतकी आवडली की मी तिचे नाटुकले केले. दरवर्षी स्नेहसंमेलनात 'देव आले' व्हायचेच. वाघदेव व्हायला मुलांची मारामारी, आणि खोटा कौल सांगणारा भगत व्हायला कोणी तयार नाही, कारण त्याला सगळे हसायचे. घोटीच्या स्पर्धेत आम्हाला ढाल मिळाली, ती अजून कपाटात आहे. एकच गोष्ट मला खटकायची. नाटुकले सुरू झाले की गुरुजी उठून पाण्याचा पिंप भरलाय का ते बघायला जायचे. निवृत्त झाल्यावरही ते रोज शाळेत यायचे, संमेलनाला तर यायचेच, आणि बरोबर त्याच वेळी त्यांना पिंपाची आठवण व्हायची. एकदा मी त्यांना भिंतीवरचे लाल वर्तुळ पुसा असे म्हटले. देव तर वर आले, मग खाली जागा कशाला दाखवायची? "राहू द्या, बाई," एवढेच ते म्हणाले.

आणखी एका व्यक्तीला ते नाटुकले आवडत नव्हते. कोंडाजी भगतांच्या पत्नी, ठकूआजी. भगत मी येण्याच्या कितीतरी आधी वारले होते. देव त्यांच्या कौलाला न जुमानता वर आले, म्हटल्यावर त्यांची पत गेली. लोक त्यांना कौल मागायचे बंद झाले, पोरे मागून 'डावी पाकळी' म्हणून चिडवायची. त्यांनी भगतपण सोडले, मुकाट्याने ढोरे राखली आणि एक दिवस गेले. आजी कडेच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांच्या घरी दर सणाला गुरुजींकडून ताट जायचे. मला ते गुरुजींच्या मोठेपणात जमा वाटायचे.

आणि मग तो उन्हाळा आला. शतक बदलल्यानंतरच्या दुष्काळी वर्षांपैकी एक. धरण आटत आटत तळाला गेले आणि वैशाखात जुनी वाडी वर आली. आधी चिंचेचे खोड, मग जोती, मग पाणवठ्याच्या पायऱ्या. वाडीत नुसती धांदल. कामाला गेलेली मंडळी नाशकाहून, देवळाली कॅम्पातून गाव बघायला परतली. मला तर स्वर्ग दोन बोटे उरला. मी मुलांची सहल काढली, भिंतीवरच्या गावाची नक्कल कागदावर करून प्रत्येकाच्या हातात दिली. गुरुजी म्हणाले, "मी येत नाही, गुडघे दुखतात." मी म्हणाले, "गुरुजी, तुमच्याच नकाशाची परीक्षा आहे आणि तुम्हीच गैरहजर? चालायचं नाही." अक्षरशः हाताला धरून मी त्यांना खाली नेले.

नकाशा अगदी बरोबर निघाला. मुले कागद बघून धावत आणि जोत्यावर चढून नाव ओरडत. म्हाताऱ्या आपापल्या चुलीच्या जागेवर बसून पदराने डोळे पुसत. ज्या घराचे पणजोबा झाडावर बसले होते, त्या घरानेही गुरुजींना नमस्कार केला. मी हरखून फिरत होते. ठकूआजी मात्र कोणाचे घर बघायला थांबल्या नाहीत. काठी टेकत त्या सरळ नदीच्या अंगाला गेल्या, वाळक्या गाळात बसल्या आणि पदराने काहीतरी पुसू लागल्या. मी जवळ गेले. गाळात एक दगड उभा होता, चांगला माझ्या कंबरेएवढा. एवढ्या वर्षांच्या पाण्याने त्याचा शेंदूर पार धुऊन नेला होता. त्यावर वाघ कोरलेला होता. वर चंद्र-सूर्य, खाली नाग.

हळूहळू सगळे जमले. आजींनी मान वर केली आणि गुरुजींकडे पाहिले. "सोमा," त्या म्हणाल्या, "देव तर हितं हायेत. मंग वर कोन हाय?"

मला वाटले गुरुजी काहीतरी समजावून सांगतील, ते नेहमी सांगायचे तसे. त्यांनी टोपी काढली. म्हणाले, "माझ्या आईचा पाटा हाय, काकी." इतक्या वर्षांत मी गुरुजींना पहिल्यांदाच वाडीच्या बोलीत बोलताना ऐकले.

मला त्या क्षणी नेमके काय वाटले ते आजही धड सांगता येत नाही. कानात दडा बसल्यासारखे झाले. गुरुजी बोलत होते आणि मला तुकड्यातुकड्याने ऐकू येत होते. देव पाण्याखाली गेले, लोक हलेनात, वेळ नव्हता. घरी आई बोचकी बांधत होती. त्यांनी पाटा उचलला, घरातला शेंदूर आणि तेल फासले, मागच्या वाटेने डोंगर चढून उंबराखाली उभा केला आणि ओरडत खाली आले. बस्स, एवढेच. गाव वर आले, वाचले. नंतर सांगायचे म्हटले तर लोक नवस बोलू लागले होते, पोरांची जावळे तिथे निघू लागली होती. "आज सांगू, उद्या सांगू करता करता ऱ्हायलं," ते म्हणाले.

कोणी पाहिलं, असे साऱ्या गावाला विचारणारा माणूस. माझा तर असा संताप झाला की मी मुलांना रांगेत उभे केले आणि मागे न बघता शाळेत निघून आले. मला काय वाटले हे स्वच्छ लिहिते: मला वाटले, या माणसाने मला फसवले. ढालीसकट फसवले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही. ते शाळेच्या पडवीत येऊन बसायचे, मी वर्गाचे दार लोटून घ्यायचे.

वाडीत तर दोन तट पडले. पाटा धरणात फेका म्हणणारे, आणि गुरुजींना वाळीत टाका म्हणणारे. मधले कोणी नव्हते. शेवटी उंबराखाली बैठक बसली. मीही गेले, सगळ्यात मागे उभी राहिले. देवासमोर, म्हणजे पाट्यासमोर, गुरुजी उभे होते. त्यांच्या मागे हौसाकाकू, पदर घट्ट लपेटून. गुरुजींनी स्वतःच सांगितले की मी गाव सोडून जातो, मुलाकडे नाशकाला राहीन, फक्त पाट्याचे काय करायचे ते गावाने ठरवावे. मी त्यांच्यावर इतकी चिडलेली होते, पण हे ऐकून मी दोन पावले पुढे सरकले. या माणसावाचून ही वाडी कशी असेल हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. लोक खाली बघत होते. कोणी 'जाऊ नका' म्हणाले नाही.

मग ठकूआजी उठल्या. "पयलं येक म्हन," त्या गुरुजींना म्हणाल्या. "माझ्या मालकाचा कौल खरा हुता, आसं म्हन. समद्यांना ऐकू जाईल आसं."

गुरुजी म्हणाले, "कोंडाजी काकांचा कौल खरा होता. देव नाही म्हणाले होते. खोटं मी बोललो." त्यांचा आवाज फाटला होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला.

आजींनी मान हलवली. मग त्या जे बोलल्या त्याने माझा आधीचा धक्काही जागच्या जागी विरला. "मालकांना ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "ल्हानपनापून देवाला न्हाऊ घातलेला हात त्यांचा. वर आल्यावर येकदा त्यांनी ह्याच्यावरनं हात फिरीवला. घरी आलं, जेवलं नाय. मला म्हनलं, ठके, वर देव नायेत. पर तू बोलू नगंस. बोललीस तर लोक परत खाली काठाला जाऊन बसतील, आन पानी काय थांबायचं नाय."

गुरुजींनी दोन्ही हातांनी उंबराचा बुंधा धरला. इतकी वर्षे त्यांना वाटत होते की ते ओझे ते एकटेच वाहत आहेत. गावाची 'डावी पाकळी' ऐकत ढोरे राखणारा माणूस तेच ओझे डोक्यावर घेऊन फिरत होता, आणि या कानाचे त्या कानाला कळू न देता गेला. गुरुजी रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिले नव्हते, त्यानंतरही नाही. म्हणाले, "काकी, मग तुम्ही कधी मला काही बोलला का नाही?"

"वर देव नाय हे ठावं हुतं. काय हाय ते ठावं नव्हतं. आन तू आपनहून सांगशील म्हून वाट बघितली," आजी म्हणाल्या. "लय वाट बघाया लावलीस."

कोणीतरी मागून विचारले, पाट्याचे काय? आजी गर्रकन वळल्या. "त्याला कुनी हात लावायचा नाय. खालचं देव खाली ऱ्हायलं. ह्यो आपल्यासंगं आला. समद्यांची पोरं ह्याच्या म्होरं वाढली. आन सोमाच्या आईनं त्या दिसापून शेजारी जाऊन वाटन वाटलं, पर तोंडातनं सबूद काढला नाय. तिचाबी मान हाय त्यात." मग त्या गुरुजींकडे वळल्या. "तू कुटं जायाचं नाय. तुला दंड हाय. दर उन्हाळ्यात पानी उतरलं की खाली जायचं. माझ्या मालकावानी देवाला कौल लावायचा. वर येता का म्हून इचारायचं. देव व्हय म्हनले की त्यांना वाजतगाजत वर आनायचं. आन व्हय म्हनेपत्तोर तुला मराया सवड नाय. सांगून ठेवते."

लोक उठून पाट्याला हात जोडून घरी गेले, रोजच्यासारखे.

माझा राग पुढे पावसाळाभर टिकला, कारण मी तशीच आहे. तो गेला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत आले तर गुरुजी भिंतीवर नवा हात देत होते. लाल वर्तुळाशेजारी त्यांनी सुबक अक्षरात लिहिले होते: 'वाघदेव. येथे आहेत. कौल: कोंडाजी भगत.' त्यांनी मागे न वळता विचारले, "बाई, तुमच्या नाटकाचं काय करायचं?" मी म्हणाले, "नवीन लिहीन, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. पिंप दुसरं कोणी बघेल." ते बसले. हल्ली मुलांची मारामारी भगत व्हायला होते. आणि पाटा व्हायलाही होते, कारण त्याला पाठांतर नाही. ठकूआजी गुरुजींच्या शेजारी खुर्चीवर बसतात आणि भगताचे काम करणाऱ्या मुलाला मोठ्याने चुका सांगतात.

गुरुजी दंड भरतात. ज्या उन्हाळ्यात धरण खोल उतरते, त्या उन्हाळ्यात ते गाळात देवापुढे बसतात. उतरले नाही तर पाण्याच्या कडेला उभे राहून विचारतात, पाकळ्या तिथल्याच एखाद्या दगडाला लावतात. आता गुडघ्यांमुळे दोघांना आधार द्यावा लागतो. एका बाजूला मी असते. मी देवाधर्मातली नाही, पंचवटीत वाढूनही नाही. पण पाकळी सुटू लागली की श्वास माझाही थांबतो. आजवर दर वेळी डावीच पडली आहे. वर आलो की उंबराखाली बसलेल्या आजी विचारतात, "काय म्हनले?" गुरुजी सांगतात, "नाय म्हनले, काकी." आजी म्हणतात, "बरं. चल, च्या घे."

या ग्रंथातल्या इतर मान्यवरांनी गुरुजींना उत्तम आरोग्य आणि दीर्घायुष्य चिंतले असेल, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तेवढ्याने भागणार नाही. ज्यांना मी मानत नाही त्या पाण्यातल्या वाघदेवांना माझे हात जोडून मागणे आहे, की त्यांनी आपल्या जागी सुखाने राहावे. गुरुजी दर उन्हाळ्यात येतील, विचारतील. देवांनी त्यांना नाहीच म्हणावे.